मागे बसणारीचं डोकं

"बरं झालं, माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं," असं चंद्रप्रकाश म्हणाला, तेव्हा मी भांडुपला भर रस्त्यात बसले होते. पाय समोर पसरलेले, एक चप्पल पायात, दुसरी कुठे उडाली कोण जाणे. पडले होते मी. तो पडलाच नव्हता. हातगाडीवाला आडवा आला, ह्याने कचकन ब्रेक मारला, पुढचं चाक खड्ड्यात गेलं, आणि एका बाजूला पाय सोडून बसलेली मी सीटवरून जी सरकले ती सरळ खाली. आधी कंबर, मग कोपर, मग डोक्याची मागची बाजू डांबरावर. ठक्क. तो आवाज कानाने ऐकला असं वाटलंच नाही, तो आतूनच आला. ह्याने पाय टेकवून स्कूटर सावरली, स्टँडवर लावली, मडगार्डवरून हात फिरवला, वाकून चाक बघितलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "लागलं नाही ना?" असं विचारलं की 'नाही' एवढंच उत्तर देता येतं. पानवाल्याने पाणी आणून दिलं, कोणीतरी चप्पल आणून दिली, हातगाडीवाला शिव्या खाऊन निघून गेला. आणि हा पट्टा सोडून हेल्मेट काढतोय, त्यावर कुठे ओरखडा आलाय का ते उलटसुलट करून बघतोय आणि पानवाल्याला सांगतोय, बरं झालं, माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं. त्या हेल्मेटला वारासुद्धा लागला नव्हता हो.

मनातल्या मनात मी त्याला अरेतुरेच करते. तोंडावर अहो, आत अरे. लग्नाला आठ वर्षं झाली, आतलं बाहेर कधी आलं नाही. साडी झटकून मी परत मागे बसले, कारण घाटकोपरला त्याच्या चुलतबहिणीचा साखरपुडा होता, सासूबाई माझ्या लेकीला, शकूला घेऊन आदल्या दिवशीच पोचल्या होत्या, आणि उशीर झाला असता तर तो माझ्यामुळेच झाला असता. "नीट धरून बसत जा गं," तो पुढून म्हणाला. "तू धरतच नाहीस." मी धरलं. माझ्या नाकासमोर त्याचं ते मरून रंगाचं हेल्मेट. मागच्या बाजूला दसऱ्याचं कुंकू अजून होतं, पुसट, बोटाएवढं. ते मी लावलेलं. दसऱ्याला स्कूटरची पूजा झाली की मी हेल्मेट पाटावर ठेवते, हळदकुंकू वाहते, झेंडूचं फूल ठेवते आणि हात जोडते. पॅकिंगमधल्या बायका हसतात मला. मी औषधाच्या कंपनीत गोळ्यांच्या पट्ट्या डब्यात भरायचं काम करते, दिवसभर ओळीने बसलेल्या आम्ही बारा बायका. त्या म्हणतात, वनमाला नवऱ्याच्या टोपीची पूजा करते. हसा म्हटलं. तुमचे नवरे लोकलने जातात, तुम्हाला काय कळणार. विक्रोळी येईपर्यंत डोक्यात घण पडायला लागले आणि त्या कुंकवाकडे बघता बघता माझ्या पोटात काहीतरी पेटत गेलं. इतकी आग की धरलेला हात सोडून द्यावासा वाटला.

कारण ते हेल्मेट मी आणलं होतं. भांडून आणलं होतं. मुंबईत तेव्हा हेल्मेटची सक्ती येणार येणार चाललं होतं, मध्येच आली, मध्येच ढिली पडली, आणि ह्याच्या टायरच्या कंपनीत स्कूटरवाल्यांनी तिच्या विरोधात सह्या गोळा केल्या. ह्याची सही तिसरी. गरम होतं, केस जातात, बाजूचं दिसत नाही, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, आणि शेवटी काय, तर डोकं आमचं, सरकारच्या बापाचं काय जातं. मी ऐकून सोडून दिलं असतं. पण आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये मासे घेऊन यायची ती कोळीण, अंजनाबाई, एक आठवडा आलीच नाही. आली तेव्हा पाटी खाली ठेवून जिन्यातच बसली. तिच्या भावाचा मुलगा, लहू, मानखुर्दला मोटारसायकलवरून पडला होता. अंगावर कुठे खरचटलेलं नव्हतं म्हणे. "झोपलाय असा वाटं गो बाय," ती म्हणाली, "डोका तेवढा मागून मऊ लागं." आणि मग डोळे पुसून तिने मला पापलेट दाखवलं. त्या दिवशी मी पापलेट घेतलं नाही. रात्री जेवताना ह्याला सांगितलं, हेल्मेट येईपर्यंत ह्या घरात मासे शिजणार नाहीत. हा हसला. बुधवार गेला, शुक्रवार गेला, रविवार गेला, मी डाळ आणि दुधीची भाजी. मालवणी माणसाच्या ताटात तीन आठवडे दुधी म्हणजे काय असतं ते मालवणी माणसालाच विचारा. सासूबाई तर माझ्याशी बोलेनाशा झाल्या. गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलंय, राखणदाराला नारळ दिलाय, स्कूटर घेतली तेव्हाच दिलाय, मग ह्या प्लास्टिकच्या टोपीची काय गरज, असं त्यांचं म्हणणं. मी हटले नाही. चौथ्या आठवड्यात हा सुकटीसाठी डबे हुडकताना सापडला आणि तिथेच हरला.

आणि मी काय म्हणाले होते त्या भांडणात? ते आठवलं आणि घाटकोपरच्या उतारावर मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. तो म्हणाला, डोकं माझं आहे. मी म्हणाले, डोकं तुमचं असेल, पण कुंकू माझं आहे. केवढं कौतुक झालं त्या वाक्याचं. शेजारणींनी ते आपापल्या नवऱ्यांना ऐकवलं, पॅकिंगमध्ये ते गाजलं, सासूबाईसुद्धा ते ऐकून नरमल्या. मग आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानदाराने टेप काढून ह्याच्या डोक्याचं माप घेतलं, कपाळावरून, कानावरून, मागून. एक घालून बघितलं, दुसरं घालून बघितलं, तिसरं. आरशात डावीकडून, उजवीकडून. मी ह्याचा चष्मा हातात धरून उभी होते आणि म्हणत होते, हे घट्ट वाटतंय हो, ते घ्या, ह्याचा पट्टा चांगला आहे. अर्धा तास. त्या अर्ध्या तासात दुकानदाराने विचारलं नाही, बाई, तुम्हाला? ह्याने विचारलं नाही. ठीक आहे, पुरुषांना कधी काय सुचलंय. पण वनमाला, तुला काय झालं होतं? त्याच स्कूटरवरून मागे बसून घरी जायचं होतं ना तुला? तोच रस्ता, तेच खड्डे, त्याच्या डोक्याच्या मागे एका वितीवर तुझं डोकं. मला सुचलंच नाही. इतकी वाट लागलेली होती अकलेची. लहूची गोष्ट ऐकून मला जे दिसलं होतं ते ह्याचं डोकं, आणि ह्याच्यानंतरचं माझं पांढरं कपाळ. माझं डोकं फुटू शकतं, हे मला भांडुपच्या डांबराने सांगितलं. नाक्यावरचा हवालदारही पुढचंच डोकं बघतो. कायदा काय म्हणतो मला माहीत नाही, पण तीन वेळा आम्हाला अडवलं, तिन्ही वेळा त्याने माझ्याकडे पिशवीकडे बघावं तसं बघितलं आणि सोडून दिलं.

भटवाडीतल्या चाळीत पोचलो तेव्हा गॅलरीत सतरंज्या पडल्या होत्या, माणसं जमली होती. हा चपला काढता काढताच सुरू झाला. "आज वाचलो, काकी. भांडुपला हातगाडी मध्ये आली, असा ब्रेक मारला म्हणून सांगू, गेलोच होतो." दोन मिनिटांत ह्याच्याभोवती गर्दी. कोणी पाणी देतंय, कोणी पंख्याखाली बस म्हणतंय. हा हेल्मेट मांडीवर घेऊन पुन्हा सांगतोय, आणि दर वेळी ती हातगाडी मोठी होतेय. तिसऱ्यांदा ट्रक आला त्यात. मी पडले हे त्यात होतं, नाही असं नाही. "ही पण जरा घसरली मागून," एवढं होतं. सासूबाई आतून धावत आल्या, त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली आणि मला म्हणाल्या, "तुझ्या कुकवाक जोर हा गो, म्हणान वाचलो माझो झील. जा, मीठ-मोहऱ्यो आणि सुक्यो मिरच्यो घेवन ये, दिष्ट काढतंय तेची." म्हणजे बघा, मी गेले दृष्टीचं सामान आणायला. परक्या स्वयंपाकघरात डबे उघडत, एका हाताने डोकं दाबत. मीठ मी आणलं, मिरच्या मी आणल्या. ह्याला पाटावर बसवला. सासूबाईंनी तीनदा उतरवलं, आल्यागेल्याची, वाटेवरच्याची, भुताखेताची, आणि ती मूठ माझ्या हातात दिली, चुलीत टाक म्हणून. चूल नव्हती, स्टोव्ह होता. तव्यावर टाकली. आता आमच्यात असं आहे की दृष्ट लागलेली असली तर मिरच्या जळतात पण ठसका येत नाही. सगळे श्वास धरून उभे. आणि मला असा ठसका लागला, असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी, प्रत्येक खोकल्याला डोक्यात मागून हातोडा. पाठोपाठ सगळी चाळ खोकायला लागली. म्हणजे त्याला कोणाची दृष्ट लागलेलीच नव्हती. सासूबाईंचं तोंड उतरलं. "तू बाजूक हो गो," त्या म्हणाल्या, "तुका आधीच सर्दी हा." मला सर्दी नव्हती.

शांताकाकी म्हणजे ह्याची चुलती, नवऱ्यामुलीची आई, सगळ्या सवाष्णींना अबोलीचा वळेसर माळत होती. माझ्या अंबाड्यात तिने बोट घातलं आणि मी कळवळले. तिने हात मागे घेतला, बोटांना जरासं रक्त. मग हळूच चाचपलं. "अगो, लिंबाएवढं टेंगूळ आहे. हे कधी?" मी म्हटलं, "भांडुपला. त्यांची गोष्ट चाललीय ना, त्यातच." तिने माझ्याकडे बघितलं. चांगली बाई आहे, खोटं कशाला बोलू. तिच्या डोळ्यांत आलं काहीतरी. पण दार लोटून घेत ती म्हणाली, "आता बोलू नको हां कोणाला. व्याही आलेत. शुभकार्यात रक्ताचं नाव नको. मी वळेसर असा खाली माळते, दिसणार नाही." आणि खरंच सुरेख माळला तिने, जखम झाकली गेली. हळदकुंकवाच्या वेळी दोन बायका म्हणाल्या, किती छान दिसतोय हो वळेसर. मी थँक्यू म्हटलं. रागाची मला सवय आहे, माझे बाबा गिरणीत होते, संपात घरी बसले ते पुन्हा कामावर गेलेच नाहीत, आमच्या घरात राग हा जेवणाबरोबर असायचा. पण बाबांच्या रागाला एक समोरचा माणूस होता, मालक. त्याचं नाव घेऊन शिवी देता यायची. मी कोणाला देऊ? मला कोणी ढकललं नव्हतं. सगळे माझ्याशी गोडच बोलत होते. त्या गोडपणाने माझं डोकं अजून तापत होतं, आणि त्यात मध्येच भीती, की लहूला पण असंच झालं असेल का, आधी बरं, बोलत, हिंडत, आणि मग. मी भिंतीला टेकून बोटं मोजली, पाढे म्हटले, शकूचा वाढदिवस आठवून बघितला. सगळं आठवत होतं.

जेवणाची पंगत गॅलरीत. मी वाढायला. पुरुषांचं हेल्मेटवरच चाललेलं. हा, ज्याची विरोधात तिसरी सही, तो आता मोठ्या तोंडाने सांगत होता, "सक्ती पाहिजेच यार. माणसाला अक्कल नसते, सरकारनेच डोक्यावर बसवायला लागतं. आज अनुभवलं ना मी." गुणाजी म्हणून त्याचा मावसभाऊ आहे, तो म्हणाला, "सक्ती करा, पण उद्या सरकार म्हणेल बायकांनी पण घाला. मग अंबाडा कुठे ठेवायचा, डिकीत?" सगळे हसले. हा सगळ्यात जास्त हसला. "आणि गजरा वरून बांधायचा, वरातीतल्या घोड्यासारखा," हा म्हणाला. मी तेव्हा ह्याच्याच पानात सोलकढी वाढत होते. वाटी भरली, वाहिली, ताटात गेली, भातात गेली. "अगं अगं, लक्ष कुठे आहे तुझं," तो म्हणाला. मी म्हटलं, "माझं डोकं दुखतंय." "उन्हाचं असेल," तो म्हणाला, "घरी गेल्यावर गोळी घे. तुझ्या कंपनीच्याच असतात ना." आणि गुणाजीकडे वळला. मला वाटलं होतं आता मी ओरडेन. भांडं आपटेन. काही झालं नाही, मी पुढच्या पानाकडे सरकले आणि विचारलं, कढी?

तीनच्या सुमाराला निघालो. शकूला सासूबाई बसने आणणार होत्या. चाळीच्या तोंडाशी सगळे पोचवायला आलेले, साखरपुड्याचे पेढे पिशवीत. ह्याने स्कूटर काढली, किक मारली, हेल्मेट उचललं. मी म्हटलं, "ते इकडे द्या." त्याला वाटलं मी धरतेय, किकला अडचण होतेय म्हणून. दिलं त्याने. मी पिशवी शांताकाकीच्या हातात दिली आणि अंबाड्याचे आकडे काढायला लागले. एकेक. वळेसर काढला. त्याच्या दोऱ्याला रक्त लागून वाळलेलं होतं, तो काकीच्या हातात ठेवला. अंबाडा सोडला. केस पाठीवर आले. भर दुपारी, रस्त्यात, शुभकार्याच्या घरासमोर केस मोकळे सोडलेली बाई. मग मी ते हेल्मेट डोक्यावर चढवलं. टेंगळावरून जाताना डोळ्यांसमोर काजवे चमकले. पट्टा मला लावता येईना, स्वतःला तो मी कधी लावलाच नव्हता, त्याचा मीच लावून द्यायचे तो समोरून, उलटा. शेवटी लागला. "चला," मी म्हटलं.

"मस्करी पुरे," तो हळू आवाजात म्हणाला. "दे ते. लोक बघतायत."

"बघू दे."

"हवालदार पकडेल मला."

"पकडू दे. दंड भरा."

सासूबाई पुढे आल्या. "ह्या काय गो करतंस? तेका काय झाला तर? कुकू पुसूक निघालंस स्वतःचा?" आणि त्या क्षणी, खरं सांगते, माझा हात पट्ट्याकडे गेला. आठ वर्षांची सवय, आठ वर्षांचे उपास, ते सगळं हातात आलं. त्या म्हातारीचं कुंकू ती पस्तिशीची असताना पुसलं गेलंय, ती काय बोलतेय ते तिला पक्कं माहीत आहे. पण हात पट्ट्यापर्यंत गेला आणि थांबला. मी म्हटलं, "आई, पडले ती मी. डोकं माझं फुटलंय. सकाळपासून एकाने तरी मला विचारलं का?" आवाज माझा मलाच आत घुमून ऐकू आला, मोठा, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. चंद्रप्रकाश माझ्याकडे बघत होता, मग काकीच्या हातातल्या वळेसराकडे. तो काहीतरी बोलायला गेला. मी म्हटलं, "अरे, चल आता." अरे म्हटलं मी. सगळ्यांदेखत. तो वळून सीटवर बसला.

आत त्याचा वास होता, खोबरेल तेलाचा आणि घामाचा. किती बरं वाटतं आत, ते आधी मला कोणी सांगितलं नव्हतं. वारा लागत नाही, गाड्यांचे आवाज लांबून येतात, डोकं दोन हातांत धरल्यागत राहतं. मला त्याचाही राग आला, की हे एवढं सुख हा रोज घेत होता आणि वर कुरकुरत होता. माझ्यासमोर त्याचं उघडं डोकं. मधोमध केस विरळ झालेत, टाळू दिसते, गुलाबी, लहान मुलाच्या टाळूसारखी. एवढ्या जवळून मी ती कधी बघितलीच नव्हती. हात आपोआप त्या टाळूवर ठेवायला उचलला गेला, झाकायला. मी तो परत खाली घेतला आणि त्याच्या खांद्यावर घट्ट रोवला. हेल्मेट काढलं नाही.

विक्रोळीपर्यंत मला कळलं नाही काय वेगळं आहे ते. मग कळलं, आपण पोचत का नाही. रिक्षा आम्हाला ओलांडून जात होत्या. सायकलवाला एक बराच वेळ बाजूने चालला होता. ट्रक दिसला की हा डावीकडे होऊन त्याला जाऊ देत होता. खड्डा आला की वीस पावलांवरून गिअर खाली, पाय बाहेर, वळसा, मग पुन्हा हळूच वेग. माणूस आडवा आला तर हा थांबला, तो जाईपर्यंत थांबला, शिवी नाही, हॉर्न नाही. आठ वर्षं मी मागून सांगतेय, हळू चालवा, मी सरकते, मला भीती वाटते. शकू पोटात होती तेव्हा रडून सांगितलं. दर वेळी एकच उत्तर, अगं ह्याच्यापेक्षा हळू स्कूटर चालतच नाही, गचके खाते, बंद पडते, तुला मशीनमधलं काय कळतं. चालत होती. एक गचका नाही. तांदळाच्या पिठाने रांगोळी काढावी तशी तो ती स्कूटर खड्ड्याखड्ड्यांतून काढत होता.

मी त्याचा खांदा सोडला. न धरताही मी बसू शकत होते.

म्हणजे येत होतं त्याला.